वाणी आणि वीज एकाच तारेवर : भिवंडीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

भिवंडीचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो यंत्रमागांचा खडखडाट, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्या जोडीला आली ती माणकोली, वळ, पूर्णा, दापोडे या बाजूची पत्र्याची अजस्र गोदामे. विजेच्या इतिहासाच्या दृष्टीने या तालुक्याकडे पाहण्याचा प्रघात मात्र अद्याप पडलेला नाही. वस्तुतः तसे पाहण्यास सबळ कारण आहे. चंद्रपूरहून निघणारी ±५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुमारे ७५२ किलोमीटरचा प्रवास करून याच तालुक्यातील पडघे येथे उतरते. १९९९ पासून ती १५०० मेगावॅटपर्यंत वीज पश्चिमेकडे आणीत आहे. आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा वीजपुरवठा एकाएकी कोसळला, त्याच्या कारणपरंपरेत कळवा ते पडघे या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडणे हा महत्त्वाचा दुवा होता.

त्या दिवसाची आठवण वाचकांपैकी पुष्कळांना असेल. महामारीचे दिवस होते, लोक घरी बसून काम करीत होते, मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा चालू होत्या आणि त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मनात राहिली ती एक लहानशी गोष्ट. घरातील दिवे गेले त्याच क्षणी घरातील दूरध्वनीही मुका झाला. तीस वर्षांपूर्वी असे होत नसे. त्या वेळी 'लाइट गेली' तरी काळा डबा वाजत असे. किंबहुना लाइट गेली म्हणून तक्रार करावयाची ती त्याच डब्यावरून करावयाची. मग मधल्या काळात असे काय घडले, की बोलण्याची तार आणि विजेची तार यांचे नशीब एकमेकांस बांधले गेले? हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. पण तो मुळात ऐतिहासिक आहे, असे मला वाटते. बोलणारे यंत्र ज्या तारेवरून बोलते त्याच तारेतून त्याला वीज पुरवावी की नाही, ती कोणी पुरवावी आणि विजेच्या खंडाचे ओझे कोणी वाहावे, याविषयीची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. आज संगणक-जाळ्याच्या केबलमधूनच उपकरणास वीज देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे आणि जिला तंत्रज्ञ 'पीओई' म्हणतात, ती या मालिकेतील अगदी अलीकडची कडी होय.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का शिरावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर माझ्या व्यवसायातच आहे. बोलींचे ध्वनिमुद्रण करताना आम्ही जो कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन वापरतो त्याला स्वतःची बॅटरी बहुधा नसते. ध्वनिमुद्रकाकडून ४८ व्होल्टचा दाब त्याच तारेवरून मायक्रोफोनकडे जातो आणि निवेदकाचा आवाज त्याच तारेवरून उलट दिशेने येतो. या युक्तीला 'फँटम पॉवर' म्हणतात. जर्मनीतील नॉयमान कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम ८४ हा मायक्रोफोन सिद्ध केला तेव्हापासून तिचा प्रसार झाला. भिवंडीच्या परिसरातील बोलीचे नमुने घेत असता मध्येच वीज गेली आणि तरीही आजीबाईंची कहाणी अखंड मुद्रित होत राहिली, तेव्हा या ४८ च्या आकड्याविषयी प्रथम कुतूहल उत्पन्न झाले. पुढे एका गोदामात छताजवळच्या कॅमेऱ्याला केवळ एकच निळी केबल जोडलेली पाहिली आणि चौकशी करता तेथेही अठ्ठेचाळिसाच्या आसपासचाच आकडा निघाला. हा योगायोग नव्हे.

आरंभ तारायंत्रापासून केला पाहिजे. मराठीत 'तार' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. धातूची ती तार, सतारीची ती तार, आणि टपाल-कचेरीतून येणारा तातडीचा निरोप तीही तारच. 'तार आली' एवढे शब्द ऐकून घरातील बायका रडू लागत, हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. वाहक आणि संदेश यांना एकच नाव मिळणे हे अर्थविस्ताराचे साधे उदाहरण खरे. तथापि या ठिकाणी भाषेने वस्तुस्थितीही अचूक टिपली आहे. कारण तारायंत्रात विजेचा प्रवाह आणि संदेश या दोन वस्तू नव्हेतच. पाठविणाऱ्या कचेरीतील बॅटरीचा प्रवाह कळ दाबून चालू-बंद करावयाचा आणि तोच प्रवाह दूरच्या कचेरीतील यंत्राचा दांडा खाली खेचतो. वीज हाच निरोप. विल्यम ओ'शॉनेसी या शल्यवैद्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ केलेले प्रयोग, १८५१ ची कलकत्ता–डायमंड हार्बर तार आणि १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई यांना जोडणारी लांबच लांब तार या सर्वांत हेच तत्त्व होते. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली; एकशे साठ वर्षांच्या आसपास चाललेल्या या व्यवस्थेत बॅटरीचे ओझे सरकारी कचेरीवर होते, ग्राहकावर नव्हते. ग्राहकाच्या घरी तर तारच येत नव्हती. येत होता तो तारवाला.

दूरध्वनीने ही स्थिती पालटली. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विनिमयकेंद्रे उघडली. त्या काळच्या यंत्रात बोलणाऱ्याच्या घरीच बॅटरी ठेवावी लागे आणि केंद्राला हाक मारण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागे. ही 'स्थानिक बॅटरी'ची व्यवस्था होय. प्रत्येक ग्राहकाच्या घरी जाऊन बॅटऱ्या तपासणे आणि बदलणे हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करता येईल. म्हणून १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'सामाईक बॅटरी'ची पद्धत निघाली. केंद्रात एकच मोठी बॅटरी ठेवावयाची आणि जी दोन तारांची जोडी आवाज नेते तिच्यातूनच ग्राहकाच्या यंत्राला प्रवाह पुरवावयाचा. ग्राहकाने उचलणी उचलली की मंडल पूर्ण होते, प्रवाह वाहू लागतो, आणि प्रवाह वाहू लागला यावरूनच केंद्राला कळते की कोणास तरी बोलावयाचे आहे. येथे वीज आणि संदेश प्रथमच एकमेकांपासून वेगळे झाले व तरीही एकाच तारेवर राहिले. एकदिश प्रवाह यंत्राला जिवंत ठेवतो. त्याच्यावर आरूढ झालेली आवाजाची थरथर तेवढी बोलण्याची.

या सामाईक बॅटरीचा दाब पुढे बहुतेक जगात ४८ व्होल्ट असा स्थिर झाला. शिशाच्या एका घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट असतो. असे चोवीस घट एकापुढे एक जोडले की ४८ होतात. या दाबाला काही मैलांच्या बारीक तारेतूनही पुरेसा प्रवाह पोचतो आणि तरी तो मनुष्याच्या अंगास सामान्यतः घातक ठरत नाही. एकदिश प्रवाहासाठी सुरक्षिततेची जी ६० व्होल्टची सीमा आज मानली जाते तिच्या तो आत राहतो. आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. दूरध्वनीच्या या बॅटरीचे धन टोक जमिनीस जोडतात आणि तारेवर ऋण दाब ठेवतात. जमिनीतील ओलाव्यामुळे प्रवाह झिरपला तर धन टोकाचे तांबे विरघळते, ऋण टोकाचे राहते. म्हणून तारेला ऋण केले. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात जमिनीखालच्या केबली इतकी वर्षे टिकल्या यात या उलट्या जोडणीचा वाटा असणार.

यापुढची गोष्ट विणकराच्या गावी सांगावयास विशेष योग्य आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी भिवंडीत हातमागाचा धंदा वाढविला आणि विसाव्या शतकात त्याच गल्ल्यांतून यंत्रमाग आले. सूत नुसते लांब असून भागत नाही, त्याला 'पीळ' असावा लागतो, हे तेथील पोरासही ठाऊक असते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्ये तारेलाही पीळ देण्याची कल्पना मांडली. दोन तारा समांतर टांगल्या तर शेजारच्या तारांतील गडबड एकीवर अधिक व दुसरीवर कमी उमटते. पीळ दिला की दोहोंवर ती सारखीच उमटते आणि फरक घेताना नाहीशी होते. मराठीतील 'पीळ' हा शब्द सुताला, मिशीला आणि स्वभावाला चालतो. तो तारेलाही चालतो आणि 'ट्विस्टेड पेअर'साठी 'पीळजोडी' म्हणण्यास कोणताच प्रत्यवाय नसावा. असो. जोडीतील दोन्ही तारांवर जे समान असते ते ऐकणाऱ्या यंत्राला दिसत नाही, हे एकदा ध्यानात आले की पुढची कल्पना ओघाने येते. जे दिसत नाही त्याच्याच पोटात आणखी काही पाठवावे. रोहित्राच्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यबिंदूस जोड देऊन एका जोडीच्या दोन्ही तारा मिळून एक वाहक आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही मिळून दुसरा, असे तिसरे अदृश्य मंडल उभे करण्याची युक्ती १८८० नंतरच्या दशकात निघाली. अमेरिकेत जॉन कार्टी याने १८८६ मध्ये तिचे स्वामित्व घेतले. तिला 'फँटम' म्हणजे भुताचे मंडल म्हणत. आमच्या मायक्रोफोनच्या वीजपुरवठ्याचे नाव येथूनच आले.

आता संगणकाकडे वळू. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ याने लिहिलेल्या टिपणात 'इथरनेट' हे नाव आले. प्रकाशाचे वाहक म्हणून एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले सर्वव्यापी 'ईथर' १८८७ च्या मायकेल्सन–मॉर्ली प्रयोगानंतर भौतिकशास्त्रातून हळूहळू हद्दपार झाले होते. ते नाव मेटकाफने सर्व यंत्रांना जोडणाऱ्या एका मुक्या केबलीसाठी पुन्हा उचलले. आमच्याकडे वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. म्हणजे ध्वनीला वाहक हवाच, आणि तो स्वतः निष्क्रिय व सर्वत्र पसरलेला असावा ही कल्पना दोन अगदी भिन्न परंपरांत आढळते. एवढा दुवा नोंदवून हे विषयांतर आवरतो.

आरंभीची ही केबल जाड आणि एकेरी होती; १९९० मध्ये मान्य झालेल्या मानकाने इथरनेट दूरध्वनीच्या धर्तीच्या पीळजोड्यांवर आले आणि कचेऱ्यांतून त्याचा झपाट्याने प्रसार झाला. परंतु या जोड्यांवरून वीज जात नव्हती. संदेशाला तार, विजेला दुसरी तार. ज्या सामाईक बॅटरीने दूरध्वनीला शंभर वर्षे पोसले तिचा जणू विसर पडला होता. तिची आठवण झाली ती दूरध्वनीमुळेच. १९९० नंतर कचेरीतील दूरध्वनी संगणकाच्या जाळ्यावर आले, तेव्हा प्रत्येक टेबलाखाली एक अडॅप्टर आला, आणि वीज गेली की दूरध्वनी मरू लागला. ज्या वस्तूवर अग्निशामक दलाला बोलवावयाचे तीच आगीच्या वेळी बंद, ही गोष्ट कोणास पटणार? सिस्को कंपनीने २००० च्या सुमारास आपली स्वतःची पद्धत काढली आणि जून २००३ मध्ये ८०२.३एएफ हे सर्वमान्य मानक सिद्ध झाले. त्यात दोन जुन्या कल्पना शेजारी येऊन बसल्या: सामाईक बॅटरीचा ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब आणि कार्टीच्या भुताचा मध्यबिंदू.

अशा तारेवर जगणारे उपकरण घडविणाऱ्यासमोर कोणत्या अडचणी येतात, हे पाहिल्याशिवाय या इतिहासाचे मर्म कळावयाचे नाही. पहिली अडचण ओळखीची. केबलच्या दुसऱ्या टोकाला वीज घेऊ शकणारे उपकरण आहे की कोणाचा तरी जुना संगणक, हे पुरवठा करणाऱ्या यंत्राला आधी कळले पाहिजे. अन्यथा अनभिज्ञ यंत्र जळेल. म्हणून पूर्ण दाब देण्यापूर्वी ते २.८ ते १० व्होल्टच्या दरम्यान हलकेच चाचपून पाहते. पलीकडे सुमारे २५,००० ओहमचा रोध आढळला तर ती 'मी वीज घेणारा आहे' अशी खूण समजावयाची. मग १५.५ ते २०.५ व्होल्टचा दाब देऊन उपकरणाची भूक किती, हे त्याने ओढलेल्या प्रवाहावरून ठरवावयाचे आणि त्यानंतरच पूर्ण दाब सोडावयाचा. अनोळखी माणसाशी बोलताना आपण गाव विचारतो, मग घराणे, आणि नंतर कामाचे बोलतो, त्याचीच आठवण व्हावी असा हा क्रम आहे.

दुसरी गोष्ट मला विशेष उद्बोधक वाटली. उपकरण केबलवरून काढून घेतले तर पुरवठा ताबडतोब थांबला पाहिजे. तो थांबवावयाचा कसा? मानक म्हणते की उपकरणाने किमान १० मिलिअँपियर प्रवाह घेत राहावे. सुमारे तीन ते चार दशांश सेकंद तो दिसला नाही की उपकरण गेले असे समजून वीज तोडावी. याचा विलक्षण परिणाम असा, की वीज वाचविण्यासाठी उपकरण फार गाढ झोपी गेले तर ते मेले असे ठरते. घडविणाऱ्याला मुद्दाम मधून मधून प्रवाहाचा लहानसा झटका ओढण्याची सोय करावी लागते. कहाणी सांगणाऱ्या आजीला नातवाने 'हं' म्हणत राहावे लागते, नाहीतर ती सांगणे थांबवते. तो हुंकारच हा. संभाषणाच्या अभ्यासात ज्याला केवळ संपर्क टिकविणारे उच्चार म्हणतात, त्याला विद्युत्-अभियंत्याने दिलेले आकडेबद्ध रूप याहून स्वच्छ मी पाहिलेले नाही.

तिसरी अडचण तोट्याची, आणि ती पडघ्याच्या थोरल्या वाहिनीस व गोदामातील निळ्या केबलीस सारखीच लागू आहे. तारेत उष्णतेच्या रूपाने जी वीज वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चंद्रपूर–पडघे वाहिनी दाब ५०० किलोव्होल्टपर्यंत चढवून प्रवाह पंधराशे अँपियरच्या आसपास आवरते. दाब याहून कमी असता तर साडेसातशे किलोमीटरांत विजेची वाट लागली असती. लहान उपकरणाच्या बाबतीत दाब चढविण्याची वाट सुरक्षिततेने बंद केलेली आहे. म्हणून प्रवाहच मोजका ठेवावा लागतो. २००३ च्या मानकाने किमान ४४ व्होल्ट आणि कमाल ३५० मिलिअँपियर धरले, म्हणजे पुरवठ्याच्या टोकाला १५.४ वॅट, शंभर मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध २० ओहम धरला, म्हणजे तारेत २.४५ वॅट गेले, उरले १२.९५. मानकातील हा विचित्र दिसणारा आकडा असा साध्या गुणाकाराने निघतो. २००९ मध्ये प्रवाह ६०० मिलिअँपियरवर व पुरवठा ३० वॅटवर नेला, रोध १२.५ ओहम धरला, आणि उपकरणाला २५.५ वॅट मिळू लागले. २०१८ मध्ये चारही जोड्या कामाला लावून पुरवठा ९० वॅटपर्यंत गेला, पण उपकरणाच्या हाती ७१.३ वॅटच निश्चित. ज्या जुन्या दूरध्वनीला एक वॅटही लागत नसे त्याला काही किलोमीटरांवरून पोसता आले. कॅमेऱ्याला शंभर मीटरच का, याचेही उत्तर अंशतः यातच आहे. अंशतः अशासाठी की शंभर मीटरची सीमा मुळात संदेश क्षीण होतो म्हणून घातली होती. विजेने ती केवळ मान्य केली.

हे सारे हिशेब मात्र बऱ्या हवामानाचे व शुद्ध तांब्याचे आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली जी हवा कोंडते तिच्यात केबल पन्नास अंशांवर गेली तर वीस अंशांच्या मानाने तांब्याचा रोध सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. त्यात अनेक केबली एकत्र बांधल्या असल्या तर मधल्या केबलीची उष्णता बाहेर पडण्यास वाटच नसते. याहून वाईट प्रकार म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. बाजारात ती स्वस्त मिळते आणि दिसण्यात फरक कळत नाही. अॅल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे लांबच्या कॅमेऱ्याकडे पोचणारा दाब घसरतो; दिवसा तो ठीक चालतो आणि रात्री अंधारात पाहण्याचे दिवे लागून त्याची भूक वाढली की बंद पडून पुन्हा सुरू होतो. एका गोदामात हा दोष 'कॅमेऱ्याला रात्री झोप येते' अशा शब्दांत मला सांगण्यात आला. निदान चुकले होते. निरीक्षण अगदी बरोबर होते. उपकरण घडविणाऱ्याच्या हाती केबल नसते, म्हणून त्याला उपकरणातच जागा राखावी लागते. प्रवेशापाशीचे डायोड घ्या. तार कोणत्याही दिशेने जोडली तरी चालावे म्हणून ते आवश्यक आहेत, पण त्यांतच अर्धा वॅट जातो. त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर योजले की तेवढी जागा मोकळी होते. पंधराशे व्होल्ट सोसणारी विलगता हवी, ती पावसाळ्यातील विजांच्या दिवसांत नुसती कागदावरची अट राहत नाही.

भारतीय परिस्थितीचा असा विचार पूर्वी झालाच नाही, असे नव्हे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ वाहिन्यांचे लहान विनिमयकेंद्र घडविले आणि १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे ते प्रथम बसले. त्याचे वैशिष्ट्य हे की त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ, ऊन आणि लहरी वीज ही त्याच्या रचनेतच गृहीत धरलेली होती. परदेशी यंत्र आणून त्याच्यासाठी खोली थंड करण्याऐवजी यंत्रच थोड्या विजेवर चालणारे व म्हणून कमी तापणारे करावे, हा त्यामागचा विचार. पीओईवर चालणारे उपकरण घडविणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अभ्यासावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

भिवंडीतील विजेची स्थिती हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. येथे धावता उल्लेख पुरे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात मागांचे पट्टे तासन्‌तास थांबत. विजेची गळती व थकबाकी यांमुळे शहराचे वितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर कंपनीकडे सोपविण्यात आले. वितरण असे कंत्राटाने देण्याचा देशातील हा पहिला मोठा प्रयोग. नंतर गोदामे वाढली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि महानगराच्या दाराशी असलेल्या या तालुक्यास अधिकच महत्त्व आले. गोदामातील कॅमेरे, हजेरीची यंत्रे, बिनतारी जाळ्याचे खांब ही सर्व आज एका कपाटातील पीओई स्विचवर अवलंबून असतात, आणि त्या कपाटाखाली बॅटऱ्या असतात. वीज गेली असता मी अशा ठिकाणी एकदा उभा होतो. पंखे थांबले, माल उचलणाऱ्या माणसांनी शर्ट काढून वारा घेण्यास सुरुवात केली. छताजवळचे कॅमेरे मात्र आपला बारीक लाल डोळा उघडा ठेवून होते. सामाईक बॅटरी शतकापूर्वी बोलणाऱ्याच्या सोयीसाठी निघाली. येथे ती पाहणाऱ्याच्या कामी आलेली होती. कोणास अखंड वीज द्यावयाची हा निर्णय तांत्रिक नसतो, एवढे त्या दहा मिनिटांत मला पुरेसे कळले.

येथे एक शब्दविषयक टिपण करून ठेवतो. मराठीत 'लाइट गेली' या प्रयोगात 'लाइट' स्त्रीलिंगी आहे, आणि पुष्कळांच्या बोलण्यात दिवा या अर्थी तोच शब्द पुल्लिंगी राहतो: लाइट लावला, पण लाइट गेली. माझ्या मते पहिल्या अर्थी त्याने 'वीज' या शब्दाचे लिंग घेतले आहे. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु', मराठी 'वीज' ही परंपरा स्त्रीलिंगीच. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात दिवा आणि पुरवठा यांचा भेद स्पष्ट आहे. पीओईला मात्र गोदामातील मुलांनी कोणतेही लिंग दिलेले नाही. 'पीओईवर आहे' एवढेच ते म्हणतात. 'संदेशवाहिनीतून वीजपुरवठा' अशी लांबलचक संज्ञा करणे शक्य आहे, परंतु जिभेवर रुळलेला तीन अक्षरांचा शब्द काढून ती तेथे बसेल असे मला वाटत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी घरचा दूरध्वनी मुका का झाला? कारण तांब्याच्या पीळजोडीच्या जागी मधल्या वर्षांत काचेचा तंतू आला होता. काच वीज वाहत नाही. प्रकाशाने पाठविलेला संदेश कितीही वेगाने आला तरी त्याच्यासोबत शिधा येत नाही. तो घरातील छोट्या डब्याने घरच्याच विजेतून मिळवावयाचा असतो. केंद्रात बॅटऱ्या भरलेल्या असतात, तेथपर्यंत संदेशही शाबूत असतो. खंड पडतो तो घराच्या भिंतीशी. कचेऱ्यांनी आणि गोदामांनी आपापली सामाईक बॅटरी पीओईच्या रूपाने पुन्हा उभारली. घराला ती लाभली नाही. घरांतून ४८ व्होल्टचे एकदिश प्रवाहाचे वाटप व्हावे यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये आयएस १६७११ हे मार्गदर्शक मानक काढलेले आहे आणि चेन्नईच्या आयआयटीतील संशोधकांनी त्या दिशेने कामही केले आहे, तरी सामान्य सदनिकेत अशी तार अद्याप दिसत नाही. दरम्यान बाजाराने आपला उपाय काढला आहे. 'राउटरचा यूपीएस' या नावाने तळहाताएवढी एक डबी दुकानांतून मिळते. तीत लिथियमचे दोन-तीन घट असतात, ती भिंतीवर टांगतात आणि दोन-तीन वर्षांनी तिची बॅटरी बदलावी लागते. १८८२ च्या मुंबईतील ग्राहकाच्या घरीही यंत्राची बॅटरी अशीच घरात असे, आणि तीही अधूनमधून बदलावी लागे.